जुन्या बाजारातला फोर-चॅनल अ‍ॅम्प: गाडीत बसवण्याआधी टेबलावरचे तीन दिवस

रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून स्टिरिओचा आवाज वाढवून चार स्पीकरना देणारा, गाडीचा एक फोर-चॅनल अ‍ॅम्प्लिफायर घेतला. चाचांनी साडेचार हजार सांगितले, घासाघीस करून अठ्ठावीसशेला दिला. वर म्हणाले, "भाऊ, एकदम ओके माल आहे, खोललेलासुद्धा नाही. बुधवारपर्यंत चेक कर. आवाज आला नाही तर बुधवारी घेऊन ये, बदलून देतो." पुण्यातला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. म्हणजे माझ्या हातात मोजून तीन दिवस होते. ह्या तीन दिवसांत घरच्या टेबलावर तो अ‍ॅम्प कसा तपासला, त्यात काय निघालं आणि शेवटी माल कसा आहे, ते सगळं लिहितोय. जुना अ‍ॅम्प घेणाऱ्या कुणाच्या तरी कामाला येईल.

कंपनीचं नाव लिहीत नाही. बरीच वर्षं वापरलेला, दोन-तीन हातांतून फिरलेला माल आहे. त्यात आता कंपनीचं किती आणि मधल्या दुरुस्तीवाल्यांचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

आधी हे सांगतो की थेट गाडीत का नाही बसवला. मागे एकदा असाच जुना अ‍ॅम्प घेऊन सरळ फिटिंगच्या दुकानात गेलो होतो. त्यांनी सीट काढली, मॅटिंग उचललं, बॅटरीपासून मागपर्यंत वायर ओढली आणि चालू केल्यावर लाल लाइट लागून बसला. फिटिंगवाला म्हणाला अ‍ॅम्प खराब. विकणारा म्हणाला माझ्याकडून चालू नेला होता, फिटिंगवाल्याने उलटी वायर लावून उडवला. दोघांपैकी कोण खरं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. अ‍ॅम्पचे पैसे गेले, मजुरी गेली, आणि वॅगन-आरच्या डॅशबोर्डची एक क्लिप तुटली ती तुटलीच. तेव्हाच ठरवलं की पुढचा अ‍ॅम्प आधी घरी, आपल्या डोळ्यांसमोर आणि आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय गाडीच्या जवळ न्यायचा नाही.

अ‍ॅम्प हवाच कशाला, असंही लोक विचारतात. स्टिरिओवर तर '५० वॉट गुणिले ४' लिहिलेलं असतं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना फार तर चौदा-साडेचौदा. एवढ्या व्होल्टेजवर चार ओहमच्या स्पीकरला स्टिरिओच्या आतली आयसी, म्हणजे चिप, स्वच्छ आवाजात अठरा-वीस वॉटच्या पुढे देऊ शकत नाही. कितीही चांगला स्टिरिओ घ्या, हे गणित बदलत नाही. वेगळ्या अ‍ॅम्पमध्ये आत एक छोटं पॉवर स्टेशनच असतं. ते १२ व्होल्टचे अधिक पंचवीस-तीस आणि उणे पंचवीस-तीस व्होल्ट करतं आणि मग त्याच्या जोरावर स्पीकर हलतो. मला मोठा आवाज नको आहे. हायवेवर खिडकी थोडी उघडी असताना पखवाजाची डावी बाजू ऐकू यावी, एवढंच हवंय. ते स्टिरिओवर होत नाही.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पहिल्यांदा नुसता बघितला. वायर लावायची घाई केली नाही. हातात घेतल्यावर वजन लागतं, ही पहिली चांगली खूण. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी जाड आहे, उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या सरळ आहेत. हलवून बघितला, आत काही खुळखुळलं नाही. नाकाजवळ नेऊन वास घेतला. जळलेल्या वार्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही, तो इथे नव्हता. फटींत टॉर्च मारून गाळ बघितला. पुरात बुडालेल्या गाड्यांचे पार्ट बाजारात येतात आणि वरून कितीही पुसले तरी कनेक्टरच्या खाचेत बारीक पिवळी माती राहते. तीही नव्हती.

मग तळाचे स्क्रू बघितले. आठपैकी सहा काळे, दोन चंदेरी, आणि एका काळ्या स्क्रूची खाच झिजलेली. म्हणजे खोललेला होता. चाचांचं 'खोललेलासुद्धा नाही' तिथेच खोटं ठरलं. पण खोललेला असणं म्हणजे खराब असणं नव्हे. कुणी खोलला आणि कसा जोडला, हे बघायचं असतं.

जिथे वायर लावायच्या तिथे तीन टर्मिनल असतात: बॅटरी, ग्राउंड आणि मधलं रिमोट, म्हणजे चालू-बंद करायचं. ह्याच्यावरची अक्षरं निम्मी पुसलेली. इथे अंदाज चालत नाही, कारण उलटं लावलं तर संपलं. मल्टिमीटर डायोडवर ठेवला. लाल प्रोब ज्याला ग्राउंड समजत होतो त्यावर, काळा दुसऱ्या टोकावर: ०.४६. प्रोब उलटे केले की आकडा हळूहळू चढत जाऊन ओपन, म्हणजे रस्ता बंद. म्हणजे बॅटरी आणि ग्राउंड कोणतं ते पक्कं झालं. आतला उलट-पोलॅरिटीचा डायोड शाबूत आहे, मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट नाहीत, आणि आकडा चढत गेला तो आतले कपॅसिटर (वीज साठवणारे डबे) मीटरच्या सेलवर भरत असल्यामुळे. दोन्ही बाजूंनी शून्य आलं असतं तर मी तो तसाच पिशवीत घालून बुधवारी परत नेला असता. फ्यूज घालून ठेवूनच ही तपासणी करायची. फ्यूज काढून केली तर मीटरला आतलं काही दिसतच नाही, आणि बाजारात फ्यूज काढून 'बघा शॉर्ट नाही' दाखवणारेही भेटतात.

आता चालवायचा कशावर, हा मोठा प्रश्न. माझ्याकडे जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा होता. स्टिकरवर १२ व्होल्ट १६ अँपिअर. हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो, पिवळ्या सगळ्या एकत्र पिळल्या की १२ व्होल्ट, काळ्या सगळ्या ग्राउंड. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मी अ‍ॅम्पच्या बॅटरी टर्मिनलला पिवळी टेकवली, चट् करून ठिणगी उडाली आणि एसएमपीएस बंद. परत केलं, परत बंद. पोटात गोळा आला. मीटर सांगतंय शॉर्ट नाही आणि एसएमपीएस सांगतोय शॉर्ट आहे.

दोघांचंही बरोबर होतं. अ‍ॅम्पच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात, हजारो मायक्रोफॅरडचे. ते रिकामे असताना पहिला क्षणभर एवढा करंट ओढतात की एसएमपीएसच्या प्रोटेक्शनला तो शॉर्टच वाटतो. ह्यावरचा उपाय आपल्याकडच्या प्रत्येक रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर असतो: सिरीज बल्ब. ते २३० व्होल्टवर घरगुती बल्ब लावतात, मी १२ व्होल्टवर गाडीच्या हेडलाइटचा एच-४ हॅलोजन लावला. पॉझिटिव्ह वायरमध्ये मध्ये बल्ब. अ‍ॅम्प कितीही खराब निघाला तरी बल्बच्या ५५ वॉटच्या फिलामेंटमधून, ती गार असतानाचा पहिला क्षण सोडला तर, साडेचार अँपिअरच्या वर फारसं काही जात नाही. बल्ब भगभगून पेटून राहिला तर आत शॉर्ट, अ‍ॅम्प वाचवायला अजून संधी आहे. एकदा लकाकून विझला तर कपॅसिटर भरले, पुढे जायला हरकत नाही.

माझा लकाकला आणि विझला. मी खुर्चीत मागे टेकलो. पुढचं सगळं ह्यानंतरच होतं, पण अठ्ठावीसशे रुपये वाया गेले नाहीत हे त्या अर्ध्या सेकंदात कळलं.

ज्याला कुणाला जुना अ‍ॅम्प घरी तपासायचा आहे त्याने बाकी काही केलं नाही तरी एवढा बल्ब लावावाच. जुन्या गाडीतून काढलेला, एक फिलामेंट उडालेला एच-४ सुद्धा चालतो, दुसरं शाबूत असलं की झालं.

पुढे एसएमपीएसवर अ‍ॅम्प चालू झाला, पण पखवाजाची थाप आली की एसएमपीएस परत मान टाकायचा. तो त्याचा दोष नाही, त्याचं ते काम नव्हे. म्हणून घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी घेतली. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर, १२ व्होल्ट. इन्व्हर्टर बंद केला, मेनचा प्लग काढला, बॅटरीवरच्या त्याच्या दोन्ही वायरी काढून टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. हे करताना मी हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेवली. त्या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना आडवा पडला तर पाना वितळेल एवढा करंट तिच्यात असतो. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून चार्जिंग थांबवून, गॅलरीचं दार उघडून अर्धा तास जाऊ दिला आणि मगच वायर लावली. अ‍ॅम्प आत टेबलावर, बॅटरी गॅलरीत, मध्ये तीन मीटर वायर, आणि बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज. पहिल्यांदा लाल, म्हणजे दहा अँपिअरचा. अ‍ॅम्पचा स्वतःचा हिरवा, तीस अँपिअरचा आहे, पण तपासताना तीसचा लावला तर काही बिघडलंच तर फ्यूज उडायच्या आधी बाकीचं सगळं उडेल.

बॅटरीवर १२.६ व्होल्ट. बल्ब मध्ये ठेवूनच बॅटरी टर्मिनलवरून एक छोटी वायर रिमोटला टेकवली. दोन सेकंद काहीच नाही, मग हिरवा लाइट. ती दोन सेकंदं अ‍ॅम्प मुद्दाम घेतो, आतलं व्होल्टेज स्थिर झाल्यावरच स्पीकरकडे आवाज सोडतो, म्हणजे स्पीकरमध्ये 'ठप्प' होत नाही. बल्ब अगदी मंद, तांबूस. मीटर दहा अँपिअरवर ठेवून मध्ये घातला: नुसता चालू असताना १.१ अँपिअर. चार चॅनलच्या क्लास एबी अ‍ॅम्पला हे ठीक आहे. रिमोट काढला की शून्य. हे शून्य महत्त्वाचं, कारण गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी तशीच राहायला हवी.

स्पीकर जोडायच्या आधी आणखी एक मोजमाप आहे आणि ते बहुतेक जण करत नाहीत. चारही चॅनलच्या स्पीकर टर्मिनलवर, गाणं न लावता, डीसी व्होल्टेज बघायचं. माझे आकडे आले १२, ९, १५ आणि ३८ मिलिव्होल्ट. पन्नासच्या आत असलं की मी समाधानी. इथे मिलिव्होल्टऐवजी पंधरा-वीस व्होल्ट दिसले तर आऊटपुटचा ट्रान्झिस्टर गेलाय, आणि जोडलेला पहिला स्पीकर धूर सोडणार. चौथ्या चॅनलचे ३८ बाकीच्यांच्या मानाने जास्त आहेत, ते लक्षात ठेवले. तासाभराने परत मोजले, ३६ होते. चढत गेले असते तर काळजी केली असती.

स्पीकर म्हणून वॅगन-आरच्या दाराचे काढून ठेवलेले जुने सहा इंची. मीटरवर ३.४ ओहम दाखवतात, म्हणजे चार ओहमचे. नुसता स्पीकर टेबलावर उपडा-सुपडा ठेवून वाजवला की खर्ज ऐकूच येत नाही, कारण पुढची आणि मागची हवा एकमेकींना खाऊन टाकते. अनेक जण इथेच म्हणतात 'अ‍ॅम्पला बेस नाही'. स्वयंपाकघराच्या ट्रॉलीचा उरलेला प्लायवूड होता, त्याला भोक पाडून स्पीकर आवळला आणि फळी भिंतीला टेकवली. तेवढ्याने आवाजात जीव येतो.

गाणं मोबाइलवरून, साडेतीन एमएमचा जॅक ते आरसीए वायर (आरसीए म्हणजे सिग्नल आत घेणारी गोल सॉकेट). चॅनल एक, स्वच्छ. दोन, स्वच्छ. चार, स्वच्छ. तीन, काही नाही. वायर हलवली की मध्येच खर्रर्र करून येतो आणि जातो.

त्या रात्री तसंच ठेवलं. खोललं तर चाचा परत घेतील का, हा विचार होता. पण स्क्रू आधीच खोललेले होते आणि बाकी सगळं इतकं चांगलं निघालं होतं की सोमवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर तळाचा पत्रा काढला. वायर काढून आधी अर्धा तास थांबलो, कपॅसिटरमध्ये राहिलेलं उतरू दिलं.

आत बघितल्यावर आधीची दुरुस्ती लगेच दिसली. पॉवर सप्लायच्या मॉसफेटपैकी दोन नवे आहेत. नंबर तोच, आयआरएफझेड ४४ एन, पण छपाई वेगळी, चकाकी वेगळी, आणि पायांभोवती फ्लक्सचा तपकिरी डाग पुसायचा राहून गेलेला. सगळे एकाच लॉटचे बदलायला हवे होते, म्हणजे भार सगळ्यांवर सारखा पडला असता. ह्याचा एक गुण मी कापला. पण सोल्डरिंग भरीव आहे, खालचे इन्सुलेटर पॅड आहेत, क्लिप घट्ट आहेत. ज्याने काम केलं त्याला काम येत होतं, फक्त त्याने गिऱ्हाइकाचे पैसे वाचवले. त्यांच्या पलीकडे ह्या मॉसफेटना चालवणारी टीएल ४९४ ही ओळखीची आयसी, तिच्या बाजूला तांब्याच्या जाड वायरीची गोल चकली, म्हणजे टोरॉइड. कपॅसिटरची डोकी सपाट. कुठेही फुगलेलं, पाझरलेलं नाही.

तिसऱ्या चॅनलचा आरसीए सॉकेट भिंगातून बघितला. बोर्डावर त्याची मधली पिन जिथे उतरते तिथे सोल्डरच्या टेकडीभोवती केसाएवढी काळी गोल रेघ होती, अगदी बांगडीसारखी. वर्षानुवर्षं वायर घातली-काढली, गाडी खड्ड्यांतून आदळली, आणि पिन सोल्डरच्या आतल्या आत सुटली. वरून बघणाऱ्याला वाटतं जोडलेलीच आहे. नखाने सॉकेट दाबला की ती रेघ मिटते, सोडला की उघडते. मी तीन-चार वेळा दाबून बघितलं. रविवारचा सगळा खर्रर्र तेवढ्या रेघेत होता.

जुनं सोल्डर ओढून काढलं, पिन ब्लेडने खरवडली, थोडा फ्लक्स, पंचवीस वॉटची सोल्ड्रॉन गन आणि साठ-चाळीसची तार. चारही सॉकेट केले, कारण एक सुटला तर बाकीचे त्याच वयाचे आहेत. वीस मिनिटांचं काम. गेनचे पॉट, म्हणजे सिग्नलची पातळी जुळवायचे नॉब, फिरवताना करकरत होते, त्यांत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकेक फवारा मारून वीस-वीस वेळा फिरवले. पत्रा लावायच्या आधी परत बल्ब लावून चालू केला. खोललेला कुठलाही अ‍ॅम्प परत बल्बवरूनच चालू करायचा, ह्याला अपवाद नाही.

तीन नंबर बोलला.

आता ऐकण्याची गोष्ट. मी तपासायला बाजारातली गाणी लावत नाही. पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळाचं मी स्वतः केलेलं रेकॉर्डिंग आहे, कार्तिकी एकादशीच्या रात्रीचं, विठ्ठल मंदिरातलं. मोबाइलला छोटा माइक लावून केलेलं. त्यात काय आहे आणि काय नाही, हे मला पाठ आहे. बारा टाळ आहेत. टाळ एकत्र पडतात तेव्हा आवाज काचेसारखा फुटायला नको, प्रत्येक टाळाची शेवटची किणकिण वेगळी विरायला हवी. खराब अ‍ॅम्पवर ती सगळी मिळून एक 'स्स्स' होते. आणि पखवाज आमच्या अण्णांचा आहे.

सोमवारी रात्री नऊच्या सुमाराला अण्णा जेवून खुर्चीत बसले होते. मी काही सांगितलं नाही, नुसतं लावलं. पहिले चार-पाच मिनिटं ते ऐकत राहिले, बोट मांडीवर चालू होतं. मग म्हणाले, "थांब जरा, मागं घे." मागे घेतलं. "ऐक. धूम वर चढलीय. कणीक सुकत आली होती तेव्हा. मला तिथं बसल्यावर कळलं होतं, पण अभंग मध्ये कसा थांबवायचा?" धूम म्हणजे पखवाजाची डावी पुडी. तिला ओली कणीक लावतात, ती सुकली की पुडी हलकी होते आणि आवाज वर जातो. हे रेकॉर्डिंग मी गाडीत, मोबाइलवर, हेडफोनवर कित्येकदा ऐकलंय. मला तो फरक कधी ऐकू आला नव्हता. अण्णांनी दाखवल्यावर मला स्पष्ट ऐकू आला, एका दाराच्या जुन्या स्पीकरवर, प्लायवूडच्या फळीवर. ह्या अ‍ॅम्पबद्दल माझं मत तिथे पक्कं झालं. बाकीचे आकडे मी मंगळवारी काढले ते फक्त कागदावर असावेत म्हणून.

ते आकडे असे. अ‍ॅम्पच्या अंगावर '१००० वॉट' छापलंय. त्याकडे बघू नका, फ्यूज बघा. तीस अँपिअरचा एक फ्यूज, चालत्या गाडीचे १३.८ व्होल्ट, म्हणजे आत जाणारे जास्तीत जास्त ४१४ वॉट. क्लास एबी अ‍ॅम्प त्यातले साधारण साठ टक्के स्पीकरला देतो, उरलेले उष्णतेत. म्हणजे अडीचशेच्या आसपास, चार चॅनलला वाटले तर साठ-बासष्ट वॉट प्रत्येकी. कुठल्याही जुन्या अ‍ॅम्पच्या पेटीशी उभं राहून हा गुणाकार मोबाइलवर करता येतो, आणि विकणारा हजार म्हणो की दोन हजार, फ्यूज खरं सांगतो. अट एवढीच की फ्यूज कुणी बदललेला नसावा. सॉकेटजवळ छापलेला आकडा आणि घातलेला फ्यूज जुळतात का ते आधी बघायचं.

प्रत्यक्ष मोजायला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून पन्नास वॉटचे, आठ ओहमचे सोनेरी अ‍ॅल्युमिनियमचे दोन रेझिस्टर आणले, समांतर जोडले की चार ओहम. जुन्या हीटसिंकवर आवळले. मोबाइलवरून तीनशे हर्ट्झचा सूर सोडला. साधा मीटर हजार हर्ट्झवर चुकीचं दाखवू शकतो, तीनशेवर निभावतो. माझ्याकडे ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आकार दाखवणारं यंत्र, नाही, म्हणून रेझिस्टरच्या बाजूने शंभर ओहम घालून रेडिओचा छोटा स्पीकर जोडला. आवाज वाढवत नेला की एका जागी गोल सूर अचानक चिरका होतो, तिथे अ‍ॅम्प संपतो. थोडं मागे घेऊन मीटर वाचला: १४.८ व्होल्ट. वर्ग केला, चारने भागला, पंचावन्न वॉट. तेही बॅटरीवर १२.३ उरले असताना. गाडीत इंजिन चालू असताना साठ मिळतील, म्हणजे फ्यूजच्या गणिताशी जुळतं. चारही चॅनल जवळपास सारखे आले. एका वेळी एकच चॅनल मोजला, हे प्रामाणिकपणे सांगतो. चारही एकत्र पूर्ण ताकदीने चालवायची माझी वायर नव्हती.

एक-दोन गोष्टी ज्यांनी मी थोडा वेळ फसलो. मोबाइल चार्जिंगला लावून गाणं लावलं की बारीक घूं येतो. तो अ‍ॅम्पचा नाही, चार्जर काढला की जातो. आणि घरी तपासताना गेन बराच वर न्यावा लागतो, कारण मोबाइलचा सिग्नल एक व्होल्टच्याही खाली असतो. गाडीच्या स्टिरिओचा प्रीआऊट, म्हणजे बाहेर जाणारा सिग्नल, दोन ते चार व्होल्टचा. घरचाच गेन ठेवून गाडीत जोडला तर पहिल्याच गाण्याला आवाज फाटेल. गेन हा आवाजाचा नॉब नव्हे, स्टिरिओ आणि अ‍ॅम्प ह्यांची उंची जुळवायचा स्क्रू आहे. म्हणून तपासणी झाली की चारही शून्यावर आणून ठेवले.

मंगळवारी रात्री सलग दीड तास चालवला, मध्यम आवाजात. बॉडी गरम झाली, पण तळहात ठेवून राहता येत होता. चार चॅनलपैकी चौथ्याच्या बाजूला किंचित जास्त गरम. सीटखाली बसवणार असल्याने वर किमान दोन बोटं हवा राहील असाच बसवणार.

बुधवारी संध्याकाळी बाजारात गेलो, अ‍ॅम्प न घेता. चाचांनी लांबूनच ओळखलं. "चालला ना भाऊ?" म्हटलं, चालला, पण तीन नंबरचा सॉकेट सुटला होता, आणि आत दोन मॉसफेट बदललेले आहेत. तुम्ही खोललेला नाही म्हणाला होतात. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडं आला तसा दिला. आतलं मला नाही कळत." एवढं बोलून त्यांनी समोरच्या ढिगातून तीस अँपिअरचा, झाकण असलेला चांगला फ्यूज होल्डर काढून माझ्या हातात ठेवला, पैसे घेतले नाहीत. मला वाटतं ते खरं बोलत होते. विकताना 'खोललेला नाही' म्हणायला नको होतं, हे मात्र मी त्यांना तोंडावर सांगितलं.

अठ्ठावीसशेत हा अ‍ॅम्प मला मिळाला ते चांगलंच झालं. पण ज्याच्या घरी मीटर, सोल्डरिंग गन आणि एक रिकामी संध्याकाळ नाही, त्याने हा माल ह्या भावात घेऊ नये. त्याच्या हातात तीनच चॅनलचा अ‍ॅम्प पडला असता आणि फिटिंगवाल्याने स्पीकर बदलायला सांगितला असता.

आईला इन्व्हर्टरची बॅटरी परत जागेवर हवी होती, गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. बुधवारी रात्री मी पाना घेऊन गॅलरीत गेलो तेव्हा अण्णांनी मंडळाच्या दोघांना फोन करून बोलावून ठेवलं होतं. ते साडेनऊला आले. रेकॉर्डिंग परत लावलं, कणीक सुकलेली जागा तीन वेळा मागे घेऊन ऐकली. तिघांचं त्यावर एकमत झालं नाही. अकराला बॅटरी सोडवली, इन्व्हर्टरला जोडली. अ‍ॅम्प टेबलावर आहे, रविवारी गाडीत जाईल.